हक्काचं वेगळं, मर्जीचं वेगळं

ऑटोवाल्याशी भांडून जिंकलेली माणसं बंगळुरात पुष्कळ सापडतील. जिंकल्यावर त्याच ऑटोवाल्याला स्वतःहून जास्तीचे पैसे देणारी बाई मी एकच पाहिली. ती आमची अर्थशास्त्राची मिस.

एरवी त्या लुनावरून यायच्या. त्या दिवशी लुना मेकॅनिककडे होती, म्हणून जयनगरहून आम्ही दोघी ऑटोनं आलो. कॉलेजच्या फाटकाशी ऑटोवाल्यानं मीटरच्या वर काहीतरी मागितलं. मिस उतरल्याच नाहीत.

"अण्णा, मीटरवर आहे ते तुझ्या हक्काचं," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "त्यात एक पैसा कमी घेऊ नकोस. आणि वरचा एक पैसा मागू नकोस."

त्यानं इंजिन बंद केलं आणि विडी पेटवली. मिसनी पिशवीतून डबा काढला आणि दहीभात खायला सुरुवात केली. मी लाजेनं बाहेर येऊन उभी राहिले, कारण फाटकातून आत जाणारं अर्धं कॉलेज आमच्याकडे बघत होतं. विडी संपली, दहीभात संपला, आणि शेवटी त्यानं मीटरप्रमाणे पैसे घेतले. मिसनी सुटी नाणीसुद्धा परत मागून घेतली. मग पर्स पुन्हा उघडून एक नोट त्याच्या हातावर ठेवली.

"हे माझ्या मर्जीचं. ऊन फार आहे, आणि तुझा वेळ गेला माझ्यापायी."

तो चक्रावला. "हेच आधी दिलं असतं तर काय झालं असतं अक्का?"

"आधी दिलं असतं तर तू ते हक्काचं समजला असतास."

आत जाताना माझ्याकडे वळून त्या मराठीत म्हणाल्या, "हक्काचं आणि मर्जीचं एका ताटात वाढू नये ग पुट्टी. मग खाणाऱ्याला कुठलं कुठलं ते कळत नाही, आणि वाढणारा देव होऊन बसतो."

पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये लहानगी. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, नाटक क्लबची सेक्रेटरी होते, आणि भर कॉरिडॉरमध्ये कुणी पुट्टी म्हटलेलं मला मुळीच आवडायचं नाही. मिसना त्याची पर्वा नव्हती. त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. आम्ही वडिलांच्या सरकारी कारखान्यातल्या बदलीमुळे नागपूरहून आलेलो, जे. पी. नगरात राहायचो. एकदा मिस आमच्या घरी आल्या आणि आईशी तासभर बोलल्या. त्या गेल्यावर आई म्हणाली, "बाई चांगली आहे, पण मराठी इडलीच्या पिठात भिजवून ठेवलीय." आईचं म्हणणं खोटं नव्हतं. मिसच्या वाक्यात दर दोन शब्दांनी 'सरी' यायचं, म्हणजे बरं, आणि नको असेल तिथे 'साकु' यायचं. कुणी त्यांची स्तुती करू लागलं की साकु. म्हणजे पुरे.

त्यांच्या घरीही मी गेले होते. बसवनगुडीत थोरल्या भावाकडे राहायच्या. घरात वर्तमानपत्र एक आणि वाचणारे दोघं, म्हणून एक दिवस आधी भाऊ वाचणार, एक दिवस आधी बहीण, असा करार होता. भावाला ताप आला तेव्हा मिसनी त्याची पाळी त्याला वाचून दाखवली, पण स्वतःची म्हणून धरली नाही. वहिनी मला कॉफी देताना म्हणाल्या, "हिच्याबरोबर राहायचं म्हणजे घरात रोज कोर्ट भरतं. न्याय मिळतो, पण कॉफी गार होते."

स्टाफरूममध्ये मात्र त्या कुणाला फारशा आवडायच्या नाहीत. त्या मीटिंगमध्ये कधी बसत नसत. खुर्ची दिली तरी तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहायच्या. "बसलेला माणूस लवकर हो म्हणतो," हे त्यांचं कारण. त्यांच्यामुळे प्रिन्सिपॉलना अवघडल्यासारखं व्हायचं, आणि अवघडलेले प्रिन्सिपॉल मीटिंग लवकर आटपायचे. इतर प्राध्यापकांनी या एका गोष्टीसाठी तरी त्यांचे आभार मानायला हवे होते, पण कुणी मानले नाहीत. शिक्षकदिनाला आमच्या वर्गानं त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते परत आणलं. "ज्यांनी वर्गणी दिली नाही त्यांची नावं तुम्ही फळ्यावर लिहिली होती. असलं घड्याळ माझ्या भिंतीवर चालणार नाही." आम्ही चिडलो. ते घड्याळ मग वर्गातच लागलं, आणि वर्षभर पाच मिनिटं मागे राहिलं.

या बाईंच्या हातात कॉलेजनं विद्यार्थ्यांच्या क्लबांचे पैसे वाटायचं काम दिलं होतं. का दिलं ते सोपं आहे. दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. आमचं कॉलेज छोटं होतं. प्रत्येकाच्या फीमध्ये ॲक्टिव्हिटी फी म्हणून थोडी रक्कम असायची आणि ती सगळ्या क्लबांमध्ये वाटायची असायची. मिसच्या आधी पद्धत अशी होती की जो जास्त ओरडेल त्याला जास्त. क्रिकेटवाले ओरडण्यात तरबेज, त्यांच्याखालोखाल वेस्टर्न म्युझिक. बुद्धिबळवाल्यांचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता.

मिसनी आल्या आल्या नियम बदलला. सगळ्या सेक्रेटरींना बॅडमिंटन कोर्टावर उभं केलं. डोक्यावरचं हेल्मेट काढून उलटं धरलं. त्या काळी लुनावर हेल्मेट घालणारी बाई बघायला माणसं थांबायची. हेल्मेटमध्ये क्लबांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येकानं एक उचलायची. जी येईल त्या क्लबची बाजू मांडायची. स्वतःच्या क्लबाबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

"स्वतःसाठी भांडायला कुत्र्यालासुद्धा येतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यासाठी भांडायला शिकायचं म्हणून तर कॉलेज."

पहिल्या वर्षी क्रिकेटच्या कॅप्टनला कन्नड संघ आला. तो तमिळ घरातला. बिचारा आठवडाभर कन्नड संघाच्या बैठकांना जाऊन मागच्या बाकावर बसला, आणि वाटपाच्या दिवशी इतका तळमळून बोलला की संघाच्या सेक्रेटरीच्या डोळ्यांत पाणी आलं. फेलिक्सला, म्हणजे म्युझिकच्या गिटारवाल्याला, बुद्धिबळ आलं. त्यानं सिद्ध करून दाखवलं की बुद्धिबळाचे पट इतके जुने आहेत की दोन उंटांच्या जागी औषधांच्या बाटल्यांची झाकणं वापरतात. सगळे हसले, आणि बुद्धिबळाला पहिल्यांदाच नवे पट मिळाले.

माझ्या वर्षी मी हेल्मेटमध्ये हात घातला आणि चिठ्ठी उघडली. कोरी.

"मिस, यावर काही लिहिलेलंच नाही."

"सरी. ती ज्यांचा कुठलाच क्लब नाही त्यांची. त्यांच्यासाठी तू बोलायचं."

हे कुठून आलं ते मला लगेच कळलं, कारण मी त्या वर्गात होते. साडेतीनच्या तासाला शेवटच्या दोन रांगा रोज अर्ध्यातून उठून जायच्या. आनेकलची मुलं, होसूर रोडकडची मुलं, आणि देवनहळ्ळीचा एक नागराज, ज्याला मॅजेस्टिकच्या मोठ्या स्टँडवर बस बदलून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जायचं असायचं. ती बस चुकली की घरी पोचायला रात्र. एक दिवस मिसनी नागराजला दारात अडवलं.

"ॲक्टिव्हिटी फी भरतोस?"

"हो मिस."

"आणि ॲक्टिव्हिटी काय करतोस?"

त्यानं खरोखर विचार केला. "बस पकडतो मिस."

वर्ग खो खो हसला. मिस हसल्या नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि त्या दिवशी पुढे शिकवलंच नाही.

मी त्यांना सांगितलं की ज्यांना क्लबच नाही त्यांच्यासाठी मागायचं तरी काय, मला समजत नाही. त्या म्हणाल्या, "मला तरी कुठे समजतं? सकाळी लवकर ये आणि त्यांनाच विचार."

आनेकल काय, देवनहळ्ळी काय, तिकडची पहिली बस शहरात फार लवकर यायची, आणि दुसरी धरली तर पहिला तास बुडायचा. त्यामुळे ही मंडळी साडेसातला कॉलेजच्या बंद फाटकाबाहेर हजर असायची. फाटक उघडायचं नवाला. मी गेले तेव्हा ती सगळी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. कुणी डुलक्या घेत होतं, कुणी मांडीवर वही घेऊन लिहीत होतं, मुली एकमेकींना चिकटून, कारण रस्त्यावरून जाणारे स्कूटरवाले मुद्दाम हळू व्हायचे. त्यांच्यात मंजुळा म्हणून माझ्याच वर्गातली एक मुलगी होती. दोन वर्षं आम्ही एका वर्गात होतो, पण तिच्याशी मी धड बोलले नव्हते.

"काय हवंय तुम्हाला?" मी विचारलं.

"कशासाठी?"

"तुमच्या वाट्याचे पैसे आहेत."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. नागराज म्हणाला, टीव्ही. कुणी म्हणालं, कॅरम. मंजुळा फाटकाकडे बघत म्हणाली, "ते फाटक उघडेल का? आणि लायब्ररी? बस, एवढंच."

किती साधं होतं! लायब्ररीची अटेंडंट रत्नक्का कॉलेजच्या मागेच राहायची. तिला जादा वेळेचे पैसे दिले की झालं. मी खुशीत मिसकडे गेले. मिसनी फक्त मान हलवली. पण बातमी संस्थेच्या चेअरमनांपर्यंत पोचली.

चेअरमनांचा ग्रॅनाइटचा धंदा होता आणि मनात एक स्वप्न होतं. त्या वर्षांत शहरातल्या मोठ्या कॉलेजांचे फेस्ट गाजू लागले होते. कंपन्या बॅनर लावायच्या, पैसे द्यायच्या. आपल्या कॉलेजचंही नाव व्हावं असं त्यांना वाटे. एक कंपनी तयार होती, पण तिची अट होती की कॉलेज जेवढे घालील तेवढेच आम्ही घालू. म्हणून चेअरमनांना सगळी ॲक्टिव्हिटी फी एकरकमी फेस्टसाठी हवी होती. त्यांनी आम्हा सेक्रेटरींना आणि मिसना आपल्या एसी खोलीत बोलावलं. आम्ही सोफ्यावर बसलो, प्रिन्सिपॉल कोपऱ्यात बसले, मिस उभ्या राहिल्या.

चेअरमन वाईट माणूस नव्हता, हे मला सांगायलाच हवं. त्यांनी आम्हाला बदामाचं दूध पाजलं. मग हसत म्हणाले, "मॅडम, त्या मुलांना लायब्ररी पाहिजे ना? उद्यापासून उघडतो. माझ्या खिशातून. पंखे लावतो, सकाळची कॉफी देतो. फीचे पैसे तेवढे फेस्टला द्या. फेस्टमध्ये सगळ्या क्लबांना स्टेज मिळेल. सगळेच खूष."

फेलिक्सनं टाळी वाजवली. मलाही वाजवावीशी वाटली. नाटकाला मोठं स्टेज, मंजुळाला लायब्ररी, वर कॉफी. यात वाईट काय होतं?

"थँक यू सर," मिस म्हणाल्या. "नको."



बाहेर कॉरिडॉरमध्ये मी त्यांच्यावर तुटून पडले. मराठीत, बाकीच्यांना कळू नये म्हणून. "मिस, मिळत होतं ना त्यांना! तुमच्या तत्त्वापायी ती मुलं आणखी एक वर्ष पायरीवर बसणार. तुम्ही कोण नको म्हणणाऱ्या?"

मला वाटलं आता त्या ओरडतील. त्या थांबल्या. "बरोबर," म्हणाल्या. "मी कोण? चूक झाली माझी. जा, त्यांना विचार. ती घेऊ म्हणाली तर मी चेअरमनकडे जाऊन माफी मागते."

आणि त्यांनी ती मागितली असती. याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पायरीवर. सगळं सांगितलं. नागराज लगेच म्हणाला, "कॉफी पण? मग घेऊ या की!" दोघातिघांनी माना डोलावल्या. मंजुळानं मांडीवरची वही मिटली. मग तिनं विचारलं, "पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीचं काय?"

"माझे अप्पा आनेकलजवळ एका कारखान्यात आहेत. मालकानं कामगारांना न्यायला-आणायला फुकट व्हॅन ठेवली होती. सगळे मालकाचे गुण गायचे. मग ओव्हरटाइमचे पैसे मागितले. दुसऱ्या दिवशी व्हॅन बंद. भांडायला गेले तर मालक म्हणाला, व्हॅन पगारात कुठे लिहिली आहे, ती मी प्रेमानं देत होतो." ती नागराजकडे वळली. "अप्पा अजून चालत जातात. तू कॉफी पी. मला माझ्या फीमधली लायब्ररी पाहिजे."

"आणि ती नाही मिळाली तर?" नागराज म्हणाला.

"तर पायरी आहेच की. ती कुठे गेली नाही."

वाद बराच झाला. नागराजनं शेवटपर्यंत कॉफीचा हेका सोडला नाही. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा मंजुळाच्या बाजूनं जास्त हात होते, आणि नागराजनं तोंड वाकडं करून आपलाही वर केला.

वाटपाच्या दिवशी प्रिन्सिपॉल बॅडमिंटन कोर्टावर स्वतः आले, चेअरमनांचा निरोप घेऊन. फी फेस्टला दिली नाही तर फेस्ट रद्द, कंपनी रद्द, आणि मैसूरच्या स्पर्धेला जाणाऱ्या नाटकाला कॉलेजची व्हॅन मिळणार नाही. हे शेवटचं माझ्याकडे बघून सांगितलं गेलं. त्या नाटकासाठी आम्ही चार महिने घासत होतो.

मिस माझ्या बाजूला उभ्या होत्या. मला वाटलं त्या काहीतरी बोलतील. पण नियम त्यांचाच होता, बोलायचं मलाच होतं.

मी बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. पायरीबद्दल बोलले, स्कूटरवाल्यांबद्दल बोलले. मग प्रिन्सिपॉलना विचारलं, "सर, चेअरमन सर देतात ते दान आहे. आम्ही मागतोय ती आमची फी आहे. दान घेतलं तर उद्या फी कुणाकडे मागायची?" माझ्या स्वतःच्या नाटकासाठी मी कधी इतकी जीव तोडून बोलले नसते.

वाटपाच्या कागदावर सगळ्या सेक्रेटरींच्या सह्या लागत, असा कॉलेजचाच नियम होता. बुद्धिबळानं पहिली सही केली. कन्नड संघानं केली. क्रिकेटनं कुरकुरत केली. फेलिक्स पेन हातात घेऊन उभा राहिला. सगळ्यात जास्त नुकसान त्याचं होतं. मोठं स्टेज, मोठे स्पीकर, सगळं हातातून जात होतं.

"मला हे पटलेलं नाही," तो मिसना इंग्रजीत म्हणाला.

"सरी. पटलं नसेल तर सही करू नकोस."

"करतोय ना मी! पण पटलेलं नाही, एवढं लिहून ठेवा." आणि त्यानं सही केली. मिसनी त्याच्या सहीशेजारी खरंच लिहिलं: पटलेलं नाही.

प्रिन्सिपॉल कागद न घेताच निघून गेले. मिस त्यांच्यामागे गेल्या आणि तो त्यांच्या टेबलावर ठेवून आल्या.

नंतर काय झालं ते काही गोड नाही. फेस्ट झाला नाही. फेलिक्सच्या बँडनं कॉलेजच्या सभागृहात, घरघरणाऱ्या जुन्या स्पीकरवर कार्यक्रम केला, आणि ऐकायला फार कमी लोक आले. आम्ही पेट्या-पडदे घेऊन साध्या बसनं मैसूरला गेलो. बसच्या टपावर आमचा राजवाडा अर्धा फाटला. आम्ही हरलो. परतताना मी मिसवर पुन्हा चिडले होते.

पण सगळ्यांच्या सह्यांचा कागद कॉलेजच्याच नियमानं नाकारता येईना, आणि फाटक साडेसातला उघडू लागलं. रत्नक्का लायब्ररीत दिवे लावून बसायची. एका सकाळी चेअरमन अचानक तिथे आले, तर नागराज टेबलावर डोकं ठेवून चक्क घोरत होता, आणखी दोघं तसेच. चेअरमनांनी मिसना बोलावून घेतलं.

"हा तुमचा क्लब? हे वाचतायत?"

"नाही सर, झोपलेत," मिस म्हणाल्या. "क्रिकेटच्या टीममधला बारावा खेळाडू दिवसभर नुसता बसून असतो. त्याचा हिशेब तुम्ही कधी मागितला नाही." मग रत्नक्काला म्हणाल्या, "स्वल्प पंखा बारीक करा. पोराला गार लागत असेल."

त्या वर्षाच्या अखेरीस मिसना पैसेवाटपाच्या कमिटीवरून काढलं. नोटीस बोर्डावर लागली, दोन ओळींची. त्यांच्या जागी वाणिज्य विभागाचे एक मवाळ सर आले. स्टाफरूममध्ये काहींना बरं वाटलं, काहींना वाईट वाटलं. आम्ही सेक्रेटरींनी ठरवलं की मिसना भेटून धीर द्यायचा. फेलिक्सही आला. मंजुळा एक बस सोडून थांबली.

मिस स्टाफरूममध्ये नव्हत्या. शोधत शोधत गेलो तर प्रिन्सिपॉलच्या दारात उभ्या. कॉलेजच्या झाडूवाल्या बायका दुपारी जिन्याखाली, बाथरूमच्या दाराशी बसून जेवतात, आणि त्यांना जेवायला खोली का नाही, असं मिस विचारत होत्या. प्रिन्सिपॉल कपाळ चोळत होते.

"मॅडम," ते अगतिकपणे म्हणाले, "तुम्हाला कमिटीवरून काढलंय. नोटीस वाचली नाहीत का?"

"वाचली ना सर," मिस म्हणाल्या. "म्हणूनच आले. आता दुपारचा वेळ मोकळा असतो."